मुकादमीण हाक मारत नाही

दि. ९ जून

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि. तुझे फोन येऊन गेले असं शेजारच्या शिंपिणीने सांगितलं. मी उचलते, पण आत माणूस बोलतंय की कोणी पातेलं खरवडतंय तेच मला उमगत नाही, म्हणून ठेवून देते. राग धरू नकोस. ते यंत्र तुमचं तुम्हाला लखलाभ. मी चौथीपर्यंत शिकले ती काय पाटी पुसायला? पत्र लिही, मी उत्तर देते. अक्षराला नावं ठेवायची नाहीत.

तुझी लेक मजेत आहे. नवरा-बायकोने मिळून ठेवलेलं तिचं नाव तुमच्या कागदांवर असू दे, गिरणीत तिला सगळे मुकादमीण म्हणतात. धान्याची जुनी लाकडी पेटी मी घासूनपुसून घेतली, आत जाड सतरंजी घातली आणि माझ्या स्टुलाच्या समोर ठेवली. पट्ट्यापासून लांब, शिवाय मध्ये आडवी फळी ठोकून घेतली आहे, तेव्हा लगेच घाबरू नकोस. पेटीची कड धरून बाईसाहेब उभ्या राहतात आणि आलेल्या प्रत्येकाला आपादमस्तक बघतात. एकाला तर इतकं निरखलं की तो आपण होऊन रांगेत मागे गेला.

दळण उतरताना मी चिमटीत पीठ घेऊन बघते, ते तिने दोन दिवस टक लावून पाहिलं. तिसऱ्या दिवसापासून तिची चिमूट सुरू. माझी बाही, सतरंजी, पोस्टमनची विजार, स्वतःचा कान, सगळं अंगठ्याबोटात चोळून बघते आणि तोंड असं करते की जाड आहे, पुन्हा टाका. काल चमचा खाली टाकायचा धंदा होता. शिंपीण म्हणाली, मस्ती करते. मी म्हटलं, मस्ती नाही बाई, खात्री करून घेते. चमचा दर वेळी खालीच जातो की एखाद्या वेळी वरही जातो, हे तिला बघायचंय. तिची खात्री पटेपर्यंत माझी कंबर टिकते का, ते मला बघायचंय.

जावईबापूंचं जहाज कुठे आहे ते कळव. क्रेनवर चढलीस की खाली बघू नकोस असं लिहिणार होते, पण तुला पगार खाली बघण्याचाच मिळणार. तेव्हा नीट बघ.

माया आहे ती आहेच, दर पत्रात नव्याने लिहिणार नाही.
तुझी आई

दि. १७ जून

ती. आईस,
सा. न. वि. वि. तुझं पत्र जेवताना वाचलं आणि पोस्टमनच्या विजारीपाशी घास नाकात गेला. खोलीतल्या मैत्रिणींनी ते मोठ्याने वाचायला लावलं. आता इथे सगळ्या जणी पीठ नसलेल्या गोष्टीही चिमटीत धरून बघतात.

माझं शिकणं बरं चाललंय. केबिन म्हणजे काचेचा पिंजरा, आणि तो इतका उंच की खालची माणसं काडेपेटीतल्या काड्यांसारखी दिसतात. आम्ही दोघीच बायका, बाकी सगळे बाप्ये. पहिल्या दिवशी त्यांच्यात पैज लागली होती की आम्ही अर्ध्या शिडीवरून परत येऊ. हरले. उस्ताद कडक आहेत, पण हातात कला आहे माणसाच्या. वर कुणाचा आवाज पोचत नाही. खाली इशारेवाला उभा असतो, तो हाताने सांगतो आणि त्याच्या हाताबरहुकूम वाळूचं पिंप उचलायचं, फिरवायचं, ठेवायचं. डिसेंबरात परीक्षा. पास झाले की बंदरावर नोकरी, नोकरीबरोबर दोन खोल्या, आणि मुकादमीण माझ्याजवळ. तू पण, तुझ्याने गिरणी सोडवली तर. एवढ्या एका गोष्टीकडे बघत मी दिवस ढकलतेय.

आता काळजीचं. शिंपीणमावशींचा फोन आला होता. त्या म्हणाल्या, पोर गुणी आहे पण रडत नाही. गेल्या आठवड्यात पेटीबाहेर खेळताना पेटीच्या कडेवर तिची हनुवटी आपटली, तोंड उघडलं, डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज नाही. रांगत तुझ्यापाशी आली आणि तुझा पाय ओढला म्हणे. आई, मी होते तोवर ती रडायची. आठ महिन्यांची सोडून आले तेव्हा तर गल्ली डोक्यावर घेतली होती. इथे हॉस्टेलच्या बाईंचा नातू तिच्याच वयाचा आहे, त्याला भूक लागली की तिन्ही मजल्यांना कळतं. हाका मारतो, ओरडतो, आपल्याच आवाजावर खूश होतो. आपली अशी मुकी का झाली? तिला ऐकू येतं ना? ज्याला ऐकू येत नाही ते मूल हळूहळू आवाज करायचं सोडून देतं, असं इथल्या एकीने सांगितलं, तेव्हापासून जीव टांगणीला लागलाय. तिला डॉक्टरांना दाखव. उद्यावर टाकू नकोस.

तुझी धाकटी

दि. २९ जून

चि. धाकटीस,
आशीर्वाद. वि. वि. शिंपिणीला सुईत दोरा ओवायला चष्मा लागतो, पण माझ्या घरातलं सगळं तिला विनाचष्म्याचं दिसतं. तिला जे बोलायचं ते मी बोलले. त्यावर ती काहीतरी पुटपुटत गेली.

तरी तू लिहिलंस म्हणून मुकादमीणबाईंना दवाखान्यात नेलं. गिरणी दुपारभर बंद ठेवली. डॉक्टरीणबाई तरुण आहे, हात मऊ. तोंडाला फडकं बांधून बोलते, त्यामुळे समोरच्याला काय कळायचं ते देव जाणे. मी आपली हो हो करत होते. पोरीच्या पाठीमागे तिने घंटा वाजवली, कागद चुरगाळला, खुळखुळा हलवला. आपली दर वेळी गर्रकन वळली आणि वळून डॉक्टरणीकडे असं बघितलं की बाई, एवढी शिकलीस आणि खुळखुळे वाजवतेस? शेवटी तिच्या पांढऱ्या कोटाची चिमूट घेऊन बघितली. कोट पास झाला असावा, तोंड वाकडं केलं नाही.

मग काय केलं ऐक. डॉक्टरीण काही लिहीत होती. ही माझ्या मांडीवरून उतरली, टेबल धरत धरत तिच्यापाशी गेली, तिच्या गुडघ्यावर चढली, दोन्ही हातांनी तिची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे फिरवलं, आणि मग तिला भलंमोठं काहीतरी सांगितलं. ओठ कसे चालले होते म्हणतेस, वकिलासारखे. डॉक्टरीण हसायला लागली. सांगायचं असेल तर माणसाने आधी समोर येऊन तोंड दाखवावं, हे तुमच्या मोठमोठ्यांना समजत नाही ते त्या पोरीला समजतं. तेव्हा मुकी नाही, बहिरी नाही. कान दोन्ही ठणठणीत असं डॉक्टरणीने फडकं खाली ओढून मला स्पष्ट सांगितलं. अजूनही काय काय बोलली, ते तुझ्या कामाचं नाही.

आता निवांत झोप आणि पिंप सांभाळ. ऑगस्टात सुट्टी मिळाली तर येऊन स्वतः बघ. ती तुला ओळखेल की नाही याची धास्ती घेऊन येऊ नकोस. नाही ओळखलं तर चिमूट घेऊन ओळखेल.

आठवण ठेव, मी ठेवलेली आहे.
तुझी आई

दि. ११ ऑगस्ट

ती. आईस,
सा. न. वि. वि. पोचले. गाडीत बसायला जागा मिळाली, पण दोन दिवस डोक्यात एकच चक्र चालू आहे. तुझ्यासमोर बोलायचं धाडस झालं नाही म्हणून लिहिते. खरं तर बोलले असते तरी तुला ऐकू आलं असतं की नाही कोण जाणे.

रागावशील. तरी पूर्ण वाच.

पहिल्या दिवशी मी दारात उभं राहून तुला हाक मारली. गिरणी बंद होती. तू पाठमोरी होतीस, वळली नाहीस. वळली ती मुकादमीण. तिने मला बघितलं, मग तुझा झगा ओढला, तू खाली बघितलंस तेव्हा माझ्याकडे हात केला. मी आले हे तुला माझ्या हाकेने नाही कळलं, तिच्या हाताने कळलं. मला वाटलं, असेल, लक्ष नसेल.

दुसऱ्या दिवशी शिंपीणमावशींकडे तासभर तिला घेऊन बसले. तिथे तिचं बोट कपाटाच्या दारात चेमटलं आणि काय रडली सांगू. मावशींच्या हातातली कात्री पडली. थोड्या वेळाने पाणी हवं होतं तर बसल्या जागेवरून मावशींना हाका मारून मारून बोलावलं. मावशी म्हणाल्या, अगंबाई, हिला आवाज आहे की. संध्याकाळी घरी आलो. तीच पोर, तसंच पाणी हवं, पण हाक नाही. उठली, भिंत धरून चालत तुझ्या उजव्या बाजूला गेली, डाव्या नाही, बरं का, पूर्ण वळसा घालून उजव्या. हनुवटी फिरवली आणि मग बोलली.

आई, आमच्याकडे खालचा इशारेवाला कधी ओरडत नाही. ओरडला तरी वर पोचणार नाही हे त्याला माहीत असतं. तो काचेतून दिसेल अशा जागी येऊन उभा राहतो आणि हात करतो. नवखा असला की पहिले दोन दिवस ओरडतो, मग घसा बसतो आणि शहाणा होतो. आपल्या मुकादमिणीचं तेच झालंय. ती बहिरी नाही. तू आहेस. आणि जे मला, मावशींना, तुझ्या गिऱ्हाइकांना कुणालाच कळलं नाही, ते वर्षाच्याही नसलेल्या पोरीने ओळखून आपली रीत बदलली. गिरणीत सगळेच ओरडतात, जाड-बारीक हाताने सांगतात, म्हणून तुझं झाकून राहिलं. फोन का ठेवून देतेस तेही आता कळलं.

तिचं कौतुक करावं की रडावं तेच समजत नाही. कारण त्यानंतर झोप नाही. ती मागच्या खोलीत पडली तर? तिच्या घशात काही अडकलं तर? ती हाक मारणार नाही, आणि मारली तरी तू येणार नाहीस. मला हे शिकणं नको आई. उस्तादांच्या कानावर घातलंय की बहुतेक मला जावं लागेल. महिनाअखेरपर्यंत थांबून ठरव म्हणाले.

मला एकदा खरं सांग. कधीपासून?

तुझी धाकटी

दि. १६ ऑगस्ट

चि. धाकटीस,
आशीर्वाद. वि. वि. डावा कान गेला त्याला बरीच वर्षं झाली. पट्टा त्या बाजूला आहे. उजवा अर्धामुर्धा आहे, समोरच्याचे ओठ दिसले तर काम भागतं. विचारलंस म्हणून सांगितलं.

सांगितलं का नाही, हे तू विचारलं नाहीस, तरी लिहिते. सांगितलं असतं तर तू गेली असतीस का?

नसती गेलीस. इथेच दळणाचे डबे उचलत बसली असतीस आणि म्हणाली असतीस की आईसाठी राहिले. मला असलं ओझं नको. लहानपणी तू कौलावर चढायचीस आणि उतरायची नाहीस. सगळे म्हणायचे, पोरीच्या जातीला बरं नाही. मी शिडी धरून उभी राहायचे. आता कुठे तुला तुझ्या मापाची शिडी मिळाली आहे, आणि ती तू माझ्या कानासाठी सोडणार? मग मी काय तोंड दाखवू?

पोरीला मी वाऱ्यावर सोडलेली नाही. ती जागी असते तोवर माझ्या डोळ्यांसमोर असते, पेटी समोर ठेवली ती काही शोभेला नाही. झोपते तेव्हा तिचा पाय माझ्या पोटावर असतो, ती हलली की मी जागी. मागच्या खोलीला कडी आहे. कान नसलेल्या माणसाचे डोळे झोपत नाहीत, हे तुला तुझ्या काचेच्या पिंजऱ्यात बसून कळायला हवं होतं.

एवढं सगळं लिहिलं, तरी एक गोष्ट तुझी बरोबर आहे आणि ती मला मान्य करावी लागते याचा राग येतोय. घशात काही अडकलं तर ते डोळ्यांना उशिरा दिसेल. दवाखान्यात त्या डॉक्टरणीने हेच सांगितलं होतं. मुलीचं छान आहे म्हणाली, आता तुम्ही या. मी म्हटलं, बघू. कानात यंत्राचं बोंडूक खुपसून गिरणीत बसायचं म्हणजे गिऱ्हाइकं उगाच किंचाळून बोलणार, जशी काही मी वेडी आहे.

मुकादमीण चालायला लागली. पाच-सहा पावलं आणि बसकण. बसली की इकडेतिकडे बघते, कुणी पाहिलं तर नाही ना. हा तोरा तिने कुणाकडून उचलला ते तुझं तू ओळख.

भांडून झालं, आता जेव.
तुझी आई

दि. २३ ऑगस्ट

ती. आईस,
सा. न. वि. वि. तुझं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा वेगवेगळ्या ठिकाणी रडू आलं, त्यामुळे भांडण नीट जमत नाही.

मी थांबते, पण माझ्या अटींवर. गिरणी चालू असेल तेवढा वेळ पोर शिंपीणमावशींकडे. त्यांच्याशी बोलले आहे, त्या आनंदाने तयार आहेत, फक्त तू त्यांच्याशी दोन शब्द नीट बोल म्हणतात. आणि तू डॉक्टरीणबाईंकडे जाऊन कानाचं यंत्र घ्यायचं. गिऱ्हाइकं किंचाळली तर तू त्यांच्यावर किंचाळ, त्यात तुझा हात कुणी धरणार नाही. महिनाअखेरीला मला उस्तादांना सांगायचं आहे. यंत्र लावल्याचं तू नाही, मावशी कळवतील, कारण तुझ्या ‘बघू’वर माझा आता विश्वास नाही.

तुझ्या शिडीला धरून असलेली,
धाकटी

दि. २५ नोव्हेंबर

चि. धाकटीस,
आशीर्वाद. वि. वि. यंत्र लावलं ते शिंपिणीने तुला त्याच दिवशी कळवलं, गल्लीतल्या बाकीच्यांना त्याच्या आदल्या दिवशी. उस्तादांना तू नाही जात म्हणून सांगितलंस, बरं केलंस. मधल्या चिठ्ठ्यांत मी ख्यालीखुशालीच लिहिली, कारण यंत्राशी माझं जमेल की नाही ते मलाच ठरवायचं होतं. आता परीक्षा तोंडावर आली, तेव्हा सगळं सांगते.

पहिल्या दिवशी गिरणीत गेले आणि बटण दाबलं. हा एवढा राक्षस इतकी वर्षं माझ्या शेजारी बोंबलत होता आणि मी त्याला गरीब समजत होते. तेव्हाच यंत्र काढून खिशात टाकलं. त्यामुळे ठरलं असं की गिरणीत यंत्र नाही, घरात आहे.

शिंपिणीशी दोन शब्द नीट बोलले. तिसरा आला नाही. पण बाई प्रामाणिक आहे. आणि मुकादमिणीने तिच्याकडे कापडाच्या चिंध्या रंगाप्रमाणे वेगळ्या करायला सुरुवात केली आहे. निळ्यात हिरवी मिसळली तर स्वतःवरच चिडते.

एका सकाळी गिरणी सुरू व्हायच्या आधी तिला घेऊन उभी होते, यंत्र कानातच राहिलं होतं. पट्टा फिरायला लागला तशी ती हुंकार द्यायला लागली. गिरणीच्या सुरात, गिरणी चढली की चढवून, उतरली की उतरवून. किती महिने देत होती कोण जाणे. ओठ मिटलेले असतात, मला कसं दिसणार? मी ऐकत उभी राहिले आणि गव्हाचं दळण बाजरीवर गेलं. दोन्ही गिऱ्हाइकांनी तोंडाला येईल ते ऐकवलं. मुद्दाम यंत्र काढून ठेवलं आणि मान हलवत राहिले. काही सोयी सोडवत नाहीत.

आता मुख्य सांगते. यंत्र आलं तसे पहिले काही दिवस ती पूर्वीसारखी वळसा घालून यायची, हनुवटी धरायची. एकदा बाहुली पलंगाखाली गेली म्हणून तिने स्वतःशीच कुरकुर केली, आणि मी स्वयंपाकघरातून आले. ती बघत राहिली. बाहुली दिली तर घेईना, माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी परत गेले. पुन्हा कुरकुरली, मी पुन्हा आले. तिसऱ्यांदा नुसतं बघायला कुरकुरली. चमचा टाकायची ना, तसंच. आणि त्या दिवसापासून बसल्या जागेवरून हाका. अशा हाका की हॉस्टेलच्या बाईंच्या नातवाने येऊन शिकावं. मला उसंत नाही.

पण गिरणीतून यंत्र न लावता आले की हाक नाही. सरळ उठून येते. मला आधी कळेना. मग लक्षात आलं. आले की ही आधी माझा कान बघते. बोंडूक असलं तर ओरडते, नसलं तर येते. कुणी शिकवलेलं नाही. शिकवणार कोण, मलाच माहीत नव्हतं असं काही करता येतं.

काल तर कमाल झाली. मी निवडत बसले होते, यंत्र कानात. समोर ती तोंड एवढं मोठं उघडून बसलेली दिसली, पण मला वाटलं जांभई असेल. पुन्हा उघडलं. घशाच्या शिरा दिसल्या. मी ढिम्म. तिने माझ्या कानाकडे बघितलं, यंत्र जागेवर. जरा वेळ विचार केला, खरंच केला, कपाळाला आठी होती. मग उठली, चालत आली, उजवीकडे वळसा घातला, हनुवटी फिरवली आणि सांगितलं की दूध हवं. मी यंत्र काढून बघितलं तर त्यातला सेल संपलेला. मला पत्ता नव्हता. तिला होता.

शिंपीण म्हणते, देवाने पोर हुशार दिली. मी म्हटलं, हुशारी देव सगळ्यांनाच देतो. ही माझ्याकडे बघून बघून झाली आहे, मी तिला तेवढं बघू दिलं. हे मी कुणासमोर बोलत नाही, दृष्ट लागायला नको म्हणून नाही, लोकांना कंटाळा येतो म्हणून. तुला सांगते, तुला ऐकावंच लागेल.

सोमवारी तुझी परीक्षा. इशारेवाला नवखा असला आणि ओरडायला लागला तर चिडू नकोस. थांब. त्याच्याकडे बघत राहा. माणूस पिंजऱ्याकडे नीट बघायला लागला की आपोआप शहाणा होतो, आपल्या घरात त्याचा दाखला चालता-बोलता आहे. पिंप ठेवून झालं की कळव. फोन कर. मी उचलीन, सेल नवा घातला आहे.

हात स्थिर ठेव, बाकीचं माझ्याकडे आहे.
तुझी आई